अटकेसाठी केलेल्या लिंबाच्या वड्या

ती. हेल्मर मामा यांस मारितचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ॲरिझोनातलं तापमान तुम्ही दर आठवड्याला कळवता, त्याबद्दल आभार. इथे मिनेसोटात तळं अजून गोठलेलं आहे. आईची तब्येत उत्तम आहे. हे वाक्य महिन्यापूर्वी लिहिता आलं नसतं, म्हणून पत्राला उशीर झाला.

फेब्रुवारीत आईला एक फोन आला. माणूस म्हणाला, मी कर खात्याचा अधिकारी. तुमचा कर थकलाय, चार वाजता शेरीफची माणसं अटक करायला येतील. टाळायचं असेल तर दुकानातून गिफ्ट कार्डं आणा आणि त्यांचे नंबर मला वाचून दाखवा. (मी बँकेच्या संगणकांची सुरक्षा बघते. कुठलंही सरकारी खातं असं करत नाही, हे मी आईला छापून फ्रिजवर लावून दिलं होतं. कागद अजून आहे. त्यावर चर्चच्या जेवणाची यादी चिकटवलेली आहे.) दुसऱ्या कुणी फोन आपटला असता. पण आपल्याकडे निरोप घ्यायलाच पाऊण तास लागतो. नाताळात तुम्ही आमच्या दारात कोट घालून किती वेळ उभे होता ते आठवा. आईने त्याला तिकडचं हवामान विचारलं, त्याची आई कुठे असते ते विचारलं, आणि बोलता बोलता स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर सांगून टाकला, कारण त्याने तो सभ्यपणे मागितला होता. कार्डं मात्र आणली नाहीत. कर बुडवला असेल तर अटक व्हायलाच हवी, असं तिचं मत पडलं. तिने लिंबाच्या वड्या करायला घेतल्या. माणसं थंडीतून येणार, कॉफीबरोबर काहीतरी हवं. मी साडेचारला पोचले तेव्हा ती कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"उशीर झालाय त्यांना," ती म्हणाली. "रस्ते निसरडे असतील."

पंधरा दिवसांत तो नंबर वापरून तिच्या नावाने कुणीतरी कराचं विवरणपत्र भरून परतावा उचलला. ते निस्तरता येतं. अर्ज मी त्याच दिवशी केला. निस्तरता येत नव्हती ती आई. तिने चर्चला जाणं सोडलं. तीन रविवार चर्चच्या जेवणासाठी तिने ओव्हनमध्ये भाजलेला हॉटडिश घेऊन मी एकटी गेले आणि तिला सर्दी झाल्याचं सांगितलं.

अशात राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक आलं: कर अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्यांना आणि दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्यांना जबर शिक्षा, आणि मोठ्या रकमेची कार्डं विकण्याआधी दुकानदाराने गिऱ्हाइकाला सावध करायचं. समितीला साक्षीसाठी असली फसवणूक भोगलेलं माणूस हवं होतं. मी आईचं नाव दिलं. (तिला न विचारता. ही चूक नोंदवून ठेवते.) समितीच्या कारकुनाने फोन केला. माझ्या नव्या नियमाप्रमाणे आईने परवलीचा शब्द विचारला, त्याला आला नाही, आणि तिने हवामान न विचारता फोन ठेवला. आयुष्यात प्रथमच. मग त्याने मला केला. मीही ठेवला, दोनदा. तिसऱ्यांदा तो दमून म्हणाला, "बाई, मी तुमच्याकडे काहीच मागत नाहीये. मी फक्त बसायला खुर्ची देतोय."

मी कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून फोन लावला. उचलला त्यानेच.

सुनावणीत आईने सगळं सांगितलं, वड्यांसकट. एका सदस्याने विचारलं, "मग त्या वड्यांचं काय झालं?"

"आम्हीच खाल्ल्या," आई म्हणाली. "माणसं आलीच नाहीत ना."

सगळे हसले, आणि महिन्यात पहिल्यांदा तीही हसली. मागच्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक उठून म्हणाले, मी तर कार्डं आणली होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं. विधेयक समितीत एकमताने मंजूर झालं; पुढचे टप्पे बाकी आहेत. रविवारी आई स्वतःचा हॉटडिश स्वतः घेऊन गेली.

तुमची भाची,
मारित

ता. क. आईने पत्र वाचलं. सुनावणीत मी रडले हे लिहायला हवं, असं तिचं म्हणणं आहे. त्या खोलीतली हवा फार कोरडी होती.

आणखी एक. मंगळवारी तुमच्या आवाजाच्या माणसाने तळ्याकाठच्या घराच्या कागदांसाठी आईची जन्मतारीख मागितली. परवलीचा शब्द न आल्याने तिने फोन ठेवला. सख्ख्या भावाला जन्मतारीख ठाऊक नाही, म्हणजे तो भामटाच, असं ती म्हणते. माझ्या मते त्यावरूनच ते तुम्ही होता हे सिद्ध होतं. नऊ तारखेला तिला सत्तर वर्षं पूर्ण होतात. फोन करा, ती वाट बघेल. परवलीचा शब्द पत्रात लिहिणं माझ्या नियमात बसत नाही. तुमच्या बुडालेल्या बोटीचं नाव.