एक जूनची माणसं

प्रिय आई,

आज दोन जून. सकाळचे साडेआठ झाले असतील. खाली आपल्या सोसायटीच्या आवारात मांडववाला खुर्च्या एकात एक घालतोय आणि त्याचा खडखडाट तिसऱ्या मजल्यापर्यंत येतोय. चहा गार झाला तरी मी गॅलरीतून हललेले नाही. तुला कळवल्याशिवाय आजचं कुठलंच काम हातात घेववत नाही.

झालं गं आई. काल तुझा एक जून झाला! आणि कसा झाला म्हणून सांगू!

तुला आठवतं, मागच्या वर्षी आपण साताऱ्याहून येत होतो तेव्हाचं? तोही एक जूनच. स्टँडवर एका लाल गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, पुढे नारळ फोडला होता, आणि ड्रायव्हरच्या कपाळाला हा एवढा टिळा. तू कंडक्टरला विचारलंस, "लग्नाची गाडी हाय का रं?" तो हसून म्हणाला, "नाही मावशी, एस.टी.चा वाढदिवस. अठ्ठेचाळीस साली आजच्या तारखेला पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली."

तू खिडकीशी बसलीस आणि वळून वळून त्या गाडीकडे बघत राहिलीस. मग एकदम म्हणालीस, "गाडीला हार घालत्यात. मान्सांना का न्हाई?"

तुझं हे वेड जुनंच. चौथी पास तू, पण पेपर हातात आला की आधी दिनविशेष. ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचीस आणि प्रत्येक घटनेला घरातली एक घटना जोडायचीस. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी तुझ्या माहेरी गाय व्याली आणि वासराचं नाव स्वराज ठेवलं. माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी आपल्या चाळीत पाणी आलं नव्हतं. तू रिकामी बादली घेऊन जिन्यात उभी राहून म्हणालीस, "तिकडं चंद्रावर मानूस चढला, हितं दुसऱ्या मजल्यावर पानी चढंना!" सगळी चाळ हसली होती. मला वाटायचं, आई इतिहासाची गंमत करते. आता वाटतं, तू इतिहासाला घरात बोलवत होतीस. ये, बस, चहा घे, आमचंही काय काय झालंय ते ऐक.

फक्त एक तारीख तुला कधी जुळवता आली नाही. तुझी स्वतःची.

गावच्या शाळेत गुरुजी पोरांची नावं घालायचे तेव्हा जन्मतारीख कुणाला ठाऊक असायची? शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून सगळ्यांना एक जून! तुलाही तेच आणि तुझ्यापुढे चार वर्षं असलेल्या आबांनाही तेच. नवराबायकोचा वाढदिवस एकाच दिवशी, ही देवाची करणी नव्हे, गुरुजींची. खरी तू जन्मलीस बेंदराला. घरचे सगळे बैलांची शिंगं रंगवण्यात गुंतलेले, आणि आतल्या खोलीत तू. मी एक जूनला ताम्हण घेऊन आले की म्हणायचीस, "आज न्हाई, माझा बेंदराला." आणि बेंदराला आले की म्हणायचीस, "आज बैलांचा मान." अशी दोन्ही दिवशी निसटायचीस! आबांना मात्र दर एक जूनला न चुकता ओवाळलंस. ही कुठली रीत?

मागच्या वर्षी गावाहून आल्यावर तू संध्याकाळी खालच्या बाकावर बसलीस आणि शेजारच्या विंगमधल्या शिंदेकाकूंना विचारलंस, "तुमची तारीख कंची?" त्या म्हणाल्या, "एक जून." पलीकडच्या आजोबांना विचारलंस. एक जून. दाणाबाजारात आबांबरोबर हमाली करून निवृत्त झालेले सगळे साताऱ्याकडचे, सगळे एक जून! तुम्ही बाकावर हसून हसून बेजार झालात. तेवढ्यात सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली बायजाबाई मासळीची पाटी घेऊन फाटकातून आली. ती म्हणाली, "मना कोन तारीख देनार? मी शालंत गेलेच नाय."

तू लगेच म्हणालीस, "घे, माझी घे. एक जून. तशी ती कुनाचीच न्हाई, म्हंजे सगळ्यांची."

मला ते तेव्हा नुसतं विनोदी वाटलं होतं.

मग तू सेक्रेटरी सावंतांना गाठलंस. "पुढच्या एक जूनला एस.टी.ला पन्नास वर्षं होत्यात. आपन सगळी एका रांगंत बसायचं आन् पोराबाळांनी आपल्याला ओवाळायचं." सावंत म्हणाले, "काकू, एवढे केक आणायचे म्हणजे टेन्शन हो." तू म्हणालीस, "केक कशाला रं? ताम्हन हाय की घराघरांत."

सगळं ठरवलंस. आणि फेब्रुवारीत, एका सकाळी, भाजी निवडता निवडता गेलीस. ही काय पद्धत झाली आई? लोकांना तारीख द्यायची आणि आपण निघून जायचं? एवढ्या माणसांना शिरा किती लागतो, हे तरी सांगून जायचंस!

तुझ्यानंतर आबा खाली उतरले नाहीत. एकदाही नाही. हमालांच्या टोळीचा मुकादम, ज्याच्या हाळीनं सगळा गाळा जागा व्हायचा, तो माणूस गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायचा. पेपर मी उघडून पुढे ठेवायची, तो तसाच घडी होऊन परत यायचा. बोलणं "हं" आणि "नको" यांपुरतं. मुंबईचा दाणाबाजार उठून खाडीपार इथं आला तेव्हा चाळ सोडून यायला ते अजिबात घाबरले नव्हते. तीन जिने उतरायला मात्र पाय उचलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "शरीराला काही झालेलं नाही." ते मलाही दिसत होतं. म्हणून तर जास्त भीती वाटायची. आई, मला वाटायला लागलं होतं की तुझ्या मागोमाग हेही असेच, खुर्चीतल्या खुर्चीत, हळूहळू जाणार.

म्हणून मी तुझा एक जून धरून ठेवला. खरं सांगते, एस.टी.साठी नाही, सोसायटीसाठी नाही. आबांना खाली आणायला.

मे महिन्यात सावंत म्हणाले, "ताई, तुमच्याकडे वर्ष व्हायचंय. पुढच्या वर्षी करू या का?" शिंदेकाकू म्हणाल्या, "पुढल्या वर्षी यातली किती असनार हाईत, सावंत? करून टाका." मग ठरलं.

मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "करा की."

"तुम्ही पहिल्या खुर्चीवर बसायचं."

"न्हाई."

"आईनं ठरवलं होतं."

"मग तिला बोलाव."

तरी मी पहिली खुर्ची त्यांच्यासाठीच मांडायला सांगितली.

काल संध्याकाळी आवार काय सजलं होतं! पोरांनी गेटपासून टाकीपर्यंत झेंडूच्या माळा सोडल्या. फळ्यावर सावंतांच्या मुलीनं खडूनं लाल गाडी काढली आणि वर लिहिलं, "एक जून: पहिली एस.टी. सुटली, दख्खनची राणी पहिल्यांदा धावली, आणि आमचे आजी-आजोबा जन्मले." रांगेत म्हातारी माणसं नवे कपडे घालून अशी अवघडून बसली होती, जणू फोटो काढायचाय. एक आजोबा नातवाला दटावत होते, "हसू नगंस रं, मलाच हसू यायलंय." बायजाबाई हिरवंगार लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली होती. पाटी घरी ठेवून आलेली बायजाबाई मी पहिल्यांदा पाहिली.

पहिली खुर्ची रिकामी होती. वर गॅलरीत आबा बसलेले दिसत होते. सकाळपासून चार जणी टिळा लावायला वर जाऊन आल्या, चौघींनाही त्यांनी हात जोडून परत पाठवलं होतं.

ओवाळणं सुरू झालं. सावंतांची बायको ताम्हण घेऊन एकेकापुढे जात होती. आजोबा झाले, टाळ्या झाल्या. मग ती शिंदेकाकूंपुढे आली, आणि काकू खुर्चीवरून उठल्या.

"माझं राहू दे गं पोरी. मी नुसती बसते तिकडं."

"का हो काकू?"

"अगं, माझ्या कपाळाला कुकू कशाला? सगळ्यांचा चांगला दिवस हाय. उगाच कशाला."

काकूंचे यजमान जाऊन दहाएक वर्षं झाली, तुला ठाऊकच आहे. सावंतांची बायको कुंकवात बोट बुडवून तशीच उभी राहिली. पुढे व्हावं की मागे, तिला कळेना. आणि काकू उठल्या तशा रांगेतल्या आणखी दोघी-तिघी उठल्या. कुणी त्यांना घालवलं नाही. आपणहून उठल्या, जेवणाच्या पंगतीत आपलं पान नाही हे कळल्यासारख्या. बायजाबाईनं केसांतली अबोली हळूच काढून मुठीत धरली.

आई, मला तुझी इतकी आठवण आली. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? मी वर पाहिलं. गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, झालं, आबा आत गेले. त्यांनाही हे बघवलं नाही.

आणि मग जिन्यात चपला वाजल्या.

आबा, आई! आबा!

घरातलं बनियन, वर तसाच खांद्यावर टाकलेला टॉवेल, दाढी वाढलेली. कठडा धरत, दम खात खाली आले आणि थेट सावंतांच्या बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, ताम्हन हिकडं."

सावंत गडबडले. "आबा, ओवाळायचं काम बायकांचं…"

"मी धरलं तर दिवा इझंल काय?" आणि ते काकूंकडे वळले. "वैनी, बसा."

"अहो भावजी, माझं कपाळ…"

"माझी बायको फेब्रुवारीत गेली," आबा म्हणाले. तीच हाळी, आई! सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी. "सकाळधरनं चार बाया मला टिळा लावाया वर येऊन गेल्या. एकीनंबी इचारलं न्हाई, की आबा, तुमच्या कपाळाला चालतंय का? मग तुमचं कपाळ काय निराळ्या मातीचं हाय व्हय?"

सावंतांच्या बायकोनं ताम्हण त्यांच्या हातात दिलं.

काकू बसल्या. आबांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. सवय नव्हती, ते नाकापर्यंत ओघळलं. ताम्हण फिरवताना दिवा एकीकडे आणि सुपारी दुसरीकडे. अक्षता टाकल्या त्या नेमक्या काकूंच्या डोळ्यांत! काकू डोळे चोळत म्हणाल्या, "जल्मभर पोत्यानं तांदूळ उचलला, आन् चार दानं डोक्यावर टाकता यीनात!"

आणि आवार फुटलं गं. टाळ्या, शिट्ट्या, पोरांच्या आरोळ्या. काकू हसत होत्या की रडत होत्या कळत नव्हतं, अक्षतांचं निमित्त बरं झालं. आबांनी ताम्हण त्यांच्याच हातात दिलं आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"आता माझी पाळी. तुमीच ओवाळायचं."

दहा वर्षांत ताम्हणाला हात न लावलेल्या बाईनं आबांना ओवाळलं. सराईतपणे, एकही अक्षत इकडेतिकडे न जाऊ देता. मग उठलेल्या सगळ्या परत बसल्या. मागून बायजाबाई ओरडली, "अवो, मना इसरू नका हां!" आणि अबोली पुन्हा केसांत गेली. यापुढे आपल्या आवारात एक जूनच्या दिनविशेषात हेही सांगावं लागेल. तूच शिकवलंस ना, नुसती दिलेली तारीख आपली नसते, आपण काहीतरी करून ती आपली करायची!

शिरा कमी पडला. तो दोष तुझा.

आज सकाळी मी उठले तर आबांची खुर्ची रिकामी. मी कठड्याशी धावले. मग खालून आवाज आला. ते मांडववाल्याशी भांडतायत. "अरं, अशा रचत्यात का खुर्च्या? वरची घसरली तर पोराच्या डोक्यात पडंल! थांब, मी दावतो." दाढी केलीय, सदरा इस्त्रीचा आहे. मांडववाला कंटाळलाय, पण ऐकतोय. मी इतकी खूश आहे, आई, की मला त्या मांडववाल्याची दयासुद्धा येत नाही.

सावंत आत्ताच खालून हात करत होते, आबांना वर बोलावून घ्या, दमतील, अशा खुणा करत. मी मान हलवून नाही म्हटलं.

आई, तुला शब्द देते. त्यांना मी जपेन, पण जपायच्या नावाखाली पुन्हा त्या खुर्चीत बसवणार नाही. त्यांना भांडू देईन, ओझं उचलू देईन, दमू देईन. जिने चढून धापा टाकत आले की पाणी देईन, आणि संध्याकाळी पुन्हा खाली पाठवीन.

तुझी,
सुमन