टेकडीवरची भरलेली विहीर

चैत्र, १९६१

तीर्थरूप बाबास, माळावरून धुरपताचा दंडवत.

मी बरी आहो. मायचा खोकला थांबला काय?

पोरीचा बाप आधी विहीर पाहाते. तुमी दसऱ्याले आले, काठोकाठ पाणी पाहून हो म्हणून गेले. ते पावसाचं साचलेलं होतं. आपल्याकडचा काळा दगड झिरपते. हा लाल कणीदार दगड थेंब सोडत नाही. संक्रांतीपासून मी पैनगंगेवर उतरते, तापल्या खडकावरून घागरी आणते. फागुनात मी घसरली, पोटातलं गेलं. मायले सांगू नका.

आता सासरचे दिरासाठी आपली धाकली यमुना मागून राह्यले. घर कसं आहे, तुमी विचारलं.

चांगलं आहे. दोघी झालो तं माह्या खेपा अर्ध्या होतीन. पाहाले दसऱ्यालेच या.

तुमची लेक
धुरपता