छत्तीस मिनिटांची टेप

३ फेब्रुवारी १९७२, श्रीगोंदा

टेप रेकॉर्डर आला! गोरक्षने अमेरिकेत घेतला, एका ओळखीच्याबरोबर पाठवला. त्याच्या घरी, काष्टीच्या मळ्यात, वीज नाही. म्हणून त्याचे वडील कारभारीमामा एसटीतून मांडीवर घेऊन आमच्याकडे आले. सोबत त्याने बोललेली टेप. मे महिन्यात तो येणार, लग्न करून मला घेऊन जाणार.

यंत्र एकशे दहा व्होल्टचं, आपली वीज दोनशे तीस. लावलं की जळणार. सगळे यंत्राभोवती बसले, चहा प्याले, उठले.

५ फेब्रुवारी

शनिवार, अर्धी शाळा. नगरला शांतवनच्या रेडिओच्या दुकानातून ट्रान्सफॉर्मर आणला. विटेएवढा जड. खांदा दुखतोय.

७ फेब्रुवारी

ऐकलं. आधी त्याच्या खोलीवरचा मित्र नमस्कार करतो, मग गोरक्ष. जड, ओढल्यासारखा आवाज. ‘इथं... सगळं... छान आहे.’ — हे तीनदा.

आबा म्हणाले, “प्यालाय त्यो.”

मी म्हटलं, मित्राचाही आवाज तसाच आहे की!

“मंग दोघं बी प्यालेत.”

ताई भाकऱ्या थापत होती. थांबली. तिचा नवरा प्यायचा. चार वर्षांपूर्वी ती माघारी आली ती आलीच. तिच्या वेळी आबांनी चौकशी केली नव्हती. ती सगळी चौकशी आता माझ्या वाट्याला.

८ फेब्रुवारी

“न्हाई म्हनून कळवतो काष्टीला.” आबा जेवले नाहीत. मीही नाही. मला गोरक्ष आवडतो. इथे लिहायला काय हरकत आहे!

९ फेब्रुवारी

डोकं चाललं! टेपच्या डबीवर तीस मिनिटं लिहिलंय. घड्याळ लावून ऐकली — छत्तीस! तिकडची वीज सेकंदाला साठ सायकलची, म्हणजे साठ हेलकाव्यांची, आपली पन्नास. मोटर सावकाश फिरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल नाही. मी बी.एस्सी., पोरांना विज्ञान शिकवते, आणि उपाशी बसले.

आबांना पाटीवर गणित करून दाखवलं. ते बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले.

“मंजी पोराची चूक न्हाई?”

नाही.

“लई वंगाळ बोललो मी.” जेवले. दोनदा भाकरी मागितली.

१२ फेब्रुवारी

यंत्र शांतवनकडे टाकलं. तो म्हणतो, टेप ओढणारी दांडी बारीक आहे, जाड केली की वेग येईल. पितळी नळी करून बसवणार. “बाई, पुढच्या वेळी तिकडची वीज बी मागवा.” स्वतःच हसला.

आबांनी काष्टीला निरोप धाडला — तारीख धरा. ताई म्हणाली, “तुझं तरी चांगलं हू दे.”

१७ फेब्रुवारी

तारीख धरली. चौदा मे.

१९ फेब्रुवारी

यंत्र आणलं. घड्याळ लावलं — बरोबर तीस मिनिटं. मित्र आता खणखणीत, भराभर बोलतो. गोरक्षची जीभ तशीच जड. पुन्हा लावून ऐकलं. तशीच. राग आला, स्वतःचाच जास्त.

आबांनी ओट्यावरून विचारलं, “झालं का गं नीट?”

यंत्र झालं, म्हटलं.