कारखान्याच्या शेअरला वारस नेमण्याबाबत

मी, रंगनाथ भाऊ म्हसे, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेले असले तरी डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दबावाला बळी न पडता हे लिहून ठेवतो. दबावाला बळी पडायची सवय असती, तर आज सहकारी साखर कारखान्याचा संचालक असतो.

१. राहतं घर पत्नी मालनबाईला. शेत मुलगा आदिनाथला. त्याने शेजाऱ्याचा बांध कोरू नये.

२. कारखान्याचा माझा शेअर, म्हणजे सभेत बोलायचा हक्क, सून मोनिकाला. आदिनाथ कारखान्यात नोकरीला आहे. चेअरमन आबासाहेबांपुढे 'नामंजूर' म्हणाला, तर संध्याकाळच्या आत त्याची बदली होईल. त्याची भीती रास्त आहे, माझा राग नाही. थोडा आहे. मोनिका मात्र मला तोंडावर सांगते, "न्हाई पटत, मामा," आणि दुसऱ्या दिवशी चहा देऊन पुन्हा वाद घालते. विरोधक असाच लागतो.

३. आबासाहेब मतांनी निवडून आले, हे मला मान्य. पण निवडून दिलं म्हणजे कारखान्याचा सातबारा त्यांच्या नावावर केला असं नव्हे. ते ठराव वाचतात, पुढच्या रांगा 'मंजूर, मंजूर' ओरडतात, आणि मी उठलो की माईक बंद पडतो. आता येत्या सभेत पोटनियम बदलून, प्रश्न विचारणाऱ्याचं सभासदत्वच काढायचा ठराव आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, तोवर मी टिकणार नाही. म्हणून मोनिकाला अटी: अहवाल वाचून जावं. एकटीने उठू नये, चार सभासद बरोबर न्यावेत. जेवणाआधी बोलावं, ताटात बुंदी पडली की कुणी ऐकत नाही. सभात्याग करू नये. आपण बाहेर पडलो की आत 'एकमताने' लिहितात. विरोध इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नये. दिवाळीची साखर मात्र खुशाल आणावी, ती सभासदांची आहे.

४. पाखरं हाकायचा भोंगाही तिलाच.

५. मित्र राधाकृष्ण गागरे याला माझं कानाचं मशीन. हा गडी वर्षानुवर्षं सभेत 'मंजूर' ओरडला आणि बाहेर येऊन माझ्या कानात 'बरोबर बोललास' म्हणाला. त्याची कुजबुज ऐकण्यातच ते झिजलं.

मु. खडकवस्ती, जि. अहिल्यानगर
१८ ऑगस्ट २०२५
सही: रंगनाथ भाऊ म्हसे

साक्षीदार:
१. डॉ. रोहिणी शेटे. (डोकं शाबूत. रक्तदाब वाढलेला.)
२. राधाकृष्ण गागरे. कलम पाच मला नामंजूर हाय. मी वरडत नव्हतो, नुसता हात वर करीत हुतो. तरी सही करतो.

ता. क. साक्षीदाराची हरकत जशीच्या तशी नोंदवली आहे. कलम बदलणार नाही. पण हे लिहिताना तो एवढ्या मोठ्याने ओरडला की गल्ली गोळा झाली. मोनिका, चारांतला पहिला माणूस मिळाला.