शतावरी आणि माझी छाती

सोमवार, १३ डिसेंबर १९७१

छातीचं काय करावं? महिन्यापासून बंडीची वरची बटणं लागत नाहीत, दुखतंही. परवा बड्या फुहाऱ्याच्या चौकातला शिंपी माप घेऊन कारागिराला हळूच म्हणाला, "सेठजी तो सेठानी हुए जा रहे हैं." माझे कान तिखट, हे त्याला काय ठाऊक.

कारण मला ठाऊक होतं. सून बाळंतीण, तिला दूध यावं म्हणून शतावरी कल्प आणलेला. गोड लागतो. रोज दोन चमचे खाऊन राहिलो होतो. आधी चोरून, लढाईचा ब्लॅकआउट लागल्यापासून अंधारात निवांत. बायकांचं औषध, दुसरं काय होणार? उद्या मलाच पान्हा फुटला तर?

म्हणून आज डॉक्टरकडे गेलो. ही हट्टानं सोबत. तिच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण बटणांपायी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर हसले. "दादाजी, शतावरीनं छाती वाढत नाही. वाढली असती तर बाजारात शतावरी उरली नसती. ही तुमच्या हृदयाच्या गोळीची करामत. कोणाकोणा पुरुषाला ती बायकांच्या हार्मोनसारखी लागते. मनानं बंद करू नका, मी बदलून देतो."

जीव भांड्यात पडला. रिक्षा कमानिया गेटपाशी आली. तशी ही म्हणाली, "कल्प निर्दोष निघाला. अन् तो डब्यातून कमी होतो म्हणून मी महिनाभर भांडेवालीवर डोळा ठेवून राहिली. काल तर बोललीही तिला."

मी म्हटलं, "जाऊ दे."

"काहून जाऊ दे? उद्या ती आली की तिला खरं सांगा. सगळं, छातीपासून."