नसलेल्या जाऊबाई

दि. ३ जून
चि. सौ. बाळीस अ. आ.
पत्र पोचलं. तीनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चार चुका सोडून देतो, पाचवी सोडवत नाही. ‘थोरल्या जाऊबाईंनी कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या’, असं तू लिहितेस. अगं, मेव्हणे एकुलते एक. तुला जाऊ आली कुठून? मी शोध घेतला. ती साडेआठच्या मालिकेत आहे. तुझी लेक समासात बारीक अक्षरात लिहिते, की तू जेवताना एक खुर्ची रिकामी ठेवतेस आणि ‘काकूंना वाढ’ म्हणून तिला दटावतेस.
मी सातवी नापास, पण स्वतःच्या अकलेवर दुकानात हजारेक टीव्ही दुरुस्तीला उघडलेत. आत धूळ निघते, पालीची अंडी निघतात. माणूस एकदाही निघालं नाही. वाचताक्षणी वायर काढ.
माया आहेच, म्हणून रागावतो.
तुझा दादा

दि. १५ जून
ती. दादास शि. सा. न.
वायर काढून आठ दिवस झाले. घर एवढं शांत झालं, की ह्यांचा कप बशीवर खडखडताना ऐकू आला. हात थरथरतोय ह्यांचा. कधीपासून, म्हणून विचारलं, तर लेक म्हणाली, वर्ष झालं.
पण दादा, जाऊबाई गेल्या नाहीत. मी बघितलेल्या शेवटच्या भागात पाठमोऱ्या बसल्या होत्या, तशाच बसल्यात. परवा मान न वळवता विचारलं, “पुढं काय होतं गं?” मलाच माहीत नाही, काय सांगू? एकदाच टीव्ही लावून बघून घेऊ का? त्या मार्गी लागतील.
हसू नकोस, लोभ राहू दे.
तुझी बाळी

दि. १९ जून
चि. सौ. बाळीस अ. आ.
अजिबात लावू नकोस. तुझी वहिनी गेल्यावर मी वर्षभर बातम्या देणाऱ्या बाईला ‘जेवलीस का’ विचारत होतो. एकदा ती ‘हो’ म्हणाली. तेव्हापासून दुकानात आवाज बंद ठेवूनच काम करतो. कुणाला बोललेलो नाही.
जाऊबाईंना पुढचं हवंय ना? तुझ्या घरातलं पुढचं सांग. आधी मेव्हण्यांना डॉक्टरकडे ने.
उत्तराची वाट बघतोय.
दादा

दि. २ जुलै
ती. दादास शि. सा. न.
डॉक्टर म्हणाले, बरं होणारं दुखणं नाही, सांभाळायचं. शर्टाची बटणं आता मी लावते. पहिल्याच दिवशी एक खालीवर झालं, हे हसले. ह्यांचा एक दात पडलाय, तेही तेव्हाच दिसलं.
सगळं जाऊबाईंना बसून सांगितलं. गोळ्यांच्या वेळा, पुढं चमच्यानं भरवावं लागेल तेही. मग त्या म्हणाल्या, “असलं मला नाही गं बघवत,” आणि उठून गेल्या.
त्यांच्यामागं लेकीनं दार लावून घेतलं. मी सांगितलं नव्हतं.
आहे ती माया तशीच असू दे.
तुझी बाळी