बारा किलोचं मशीन

प्रिय ठमे,

आधी एक गोष्ट सांगून टाकते. आपल्या घरात कुत्रा नाही. परवा फोनवर तू विचारलंस, आई, कुत्रा कधी पाळलास, आणि मी गॅसवर दूध ठेवलंय म्हणून फोन ठेवला. दूधसुद्धा नव्हतं. मशीन तुझ्या नावावर, म्हणून दुरुस्तीवाल्याने तुलाच कळवलं की पाइपात मूठभर तांबडे केस अडकले, मोटर जळली, आता ते भंगारातच द्या. त्याने मला विचारलं होतं, घरात कुत्रा आहे का, आणि मी पटकन हो म्हणाले. मग केवढा आहे, कुठे आहे, दिसत कसा नाही. मी सांगितलं, म्हातारा आहे, झोपलाय. बिचारा पुढचा अर्धा तास हळू आवाजात बोलत होता.

तू म्हणालीस, नवीन मशीन मी पाठवते, तू फक्त किती किलोचं हवं ते सांग, मी महिनाअखेरीला येईन तेव्हा ते लागलेलं दिसलं पाहिजे. अगं, ते ‘फक्त’ चार दिवस माझं डोकं पोखरतंय. दुकानात जाऊन आले. पुढे दार असलेलं की वर झाकण असलेलं? सात किलो, नऊ किलो की बारा? गरम पाण्याचं की गार? विकणारा माणूस सभ्य होता. जास्त करून काय धुता, म्हणाला. मी म्हटलं, रजई. सिंगल की डबल? आता काय सांगणार, कपाळ! मी म्हटलं, डबलहून मोठी, पण गळ्याशी उघडी. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, की तिच्या बकलांनी दाराच्या काचेला ओरखडे तर पडणार नाहीत ना? तेव्हापासून तोही गोंधळला आणि मीही. दोन माहितीपत्रकं घेऊन घरी आले. ती अजून टेबलावर पडली आहेत, रोज उलटसुलट वाचते आणि जिथल्या तिथे ठेवते.

जाऊ दे. ताकाला जाऊन भांडं किती लपवू? ती रजई नाही, झूल आहे. तांबडीची.

बस आधी, आणि पत्र फाडू नकोस. मी तांबडी विकली नाही. पाच वर्षांपूर्वी तिच्यावरून पडून तुझा खुबा मोडला, तेव्हा दवाखान्यातल्या पलंगावरून तू एवढंच म्हणालीस, की ती घोडी मला पुन्हा दिसता कामा नये. मी आठ दिवसांनी तुला सांगितलं, विकली. ती नालबंदकाकांच्या मागच्या अंगणात आहे, आपल्या घरापासून दहा मिनिटांवर. तू येतेस तेव्हा मी सकाळी ‘पाय मोकळे करायला’ जाते ना, ते तिथेच. खरारा करते, पाणी भरते, दोन शब्द बोलते आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तुझ्यासाठी ब्रेड घेऊन परत येते. काकांना मी शपथ घातली होती. ते दर वेळी म्हणतात, वहिनी, पोरीला सांगून टाका. मी दर वेळी म्हणते, पुढच्या खेपेला.

आता ती वीस वर्षांची झाली, थंडी सोसत नाही, म्हणून झूल लागते. आतून लोकरी, बाहेरून पाणी न झिरपणारी. आधी मी हातानेच धुवायची. मग माझी मनगटं धरली म्हणून तू मशीन घेऊन दिलंस, माझे चार कपडे आणि दोन चादरींसाठी, आणि मी त्यात चोरून घोडीची झूल कोंबली! पाणी त्या बाहेरच्या कापडात पखालीसारखं साठायचं, आणि पिळायची वेळ आली की मशीन थडथडत न्हाणीच्या दारापर्यंत चालत यायचं. मी दोन्ही हातांनी त्याला धरून उभी राहायची. झूल आधी बाहेर झटकून, ब्रशने केस काढून मगच टाकायची असते, हे मला काय ठाऊक नाही? पण अंगणात झटकली तर शेजारीण बघेल आणि तुला सांगेल. चोराच्या मनात चांदणं. म्हणून केसांसकट टाकत गेले.

काल वजनकाट्यावर झूल घेऊन उभी राहिले, मग झुलीशिवाय. कोरडी झूल साडेचार किलो भरली. माझं वजन विचारू नकोस. काका म्हणतात, बाराचंच घ्या, तिला आत फिरायला जागा पाहिजे. पण एकट्या बाईला बारा किलोचं मशीन कशाला, असं तू विचारणारच, आणि पुन्हा कुत्रा सांगायची माझी हिंमत नाही. सात सांगितलं असतं तर तू काही विचारलंही नसतंस. चार दिवस मी याच दोन आकड्यांमध्ये अडकून पडले आहे.

ही सगळी खोगीरभरती झाली, ठमे. खरं पुढे आहे. पोटाखालून खोगिराचा तंग आवळताना घोडा पोट फुगवून धरतो. म्हणून तुझ्या बाबांचा नियम होता, तंग आवळायचा, दहा पावलं चालवायचं आणि पुन्हा आवळायचा. आपल्या तबेल्याच्या भिंतीवर त्यांनी खडूने लिहून ठेवलं होतं, ‘तंग दोनदा’. त्या दिवशी तांबडीवर खोगीर मी चढवलं. तंग एकदा आवळला, आणि तेवढ्यात आपल्याकडे घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या एका मुलीची आई आली, तिच्याशी मी बोलत बसले. दुसऱ्यांदा आवळलाच नाही. खोगीर फिरलं आणि तू खाली गेलीस. तुला तिच्या पायांमधून ओढून काढेपर्यंत त्या मुक्या जिवाने एक खूर हलवला नाही. तू म्हणालीस, तिने मला पाडलं. मी ऐकलं आणि गप्प बसले. तांबडीने तुला पाडलं नाही गं, मी पाडलं. तू जिना चढताना एक पाय मागे राहतो, तो दर वेळी मला दिसतो.

तिला मी कुठेही पाठवणार नाही. तू सात म्हणालीस तर सात घेईन, झूल हाताने धुईन आणि तुला ती अजून नकोशीच आहे असं समजेन; बारा म्हणालीस तर तिला ठेवून घेतलंस असं. राग माझ्यावर धर, तिच्यावर नको. फोन कर, दुसरं काही बोलवलं नाही तरी चालेल. नुसते किलो सांग.

तुझीच, दुसरा तंग विसरलेली,
आई